आडवा हात

नंदुरबारला इंग्रजी शिकवत होतो, तेव्हाची गोष्ट. 'रिच' म्हणजे श्रीमंत, हे पोरांना पाठ होतं. पण नव्या धड्यात जेवणच 'रिच' निघालं. कोशात तुपाळ, जड, पौष्टिक असं सगळंच दिलेलं. मी आणखी गोंधळलो.

त्याच आठवड्यात कोरीटला लग्नाच्या पंगतीत बसलो. तूप वाढणारा एक म्हातारा, पाहुण्याने पानावर हात आडवा धरेपर्यंत, पुरणाच्या मांड्यावर धार सोडत होता. त्यालाच विचारलं, भारी जेवण कोणतं?

"पाहुना आडवा हात करस, तवय ते भारी जेवन, मास्तर."

पंगती उठल्यावर तो कोरडा मांडा घेऊन बसला. मी त्याचीच तुपाची झारी घेऊन वाढायला वाकलो. थेंब पडायच्या आत त्याने हात आडवा केला.

सकाळी फळ्यावर 'रिच' लिहिलं आणि अर्थाच्या जागी खडूने एक आडवा हात काढला.