ताईच्या चेहऱ्यानं उघडलेला फोन

मुलीनं मला नवा फोन घेऊन दिला, तेव्हा त्याला माझ्या चेहऱ्याचं कुलूप लावून दिलं. काही दाबायला नको, नुसता समोर धरायचा. हा आता तुझ्याशिवाय कुणाला उघडणार नाही, असं ती म्हणाली आणि मला ते फार आवडलं. माझ्या घरातल्या कपाटाच्या किल्ल्यासुद्धा कधी माझ्या एकटीच्या नव्हत्या.

मी लोणावळ्यात एका शाळेच्या ऑफिसात काम करते. ताई माझ्याहून दोन वर्षांनी मोठी, जवळच्याच भाजे गावात दिलेली. घरची भातशेती, शिवाय शनिवार-रविवारी लेणी बघायला येणाऱ्यांना ती अंगणात पिठलं-भाकरी वाढते. लहानपणी माहेरी, बेडशाला, लोक आम्हाला जुळ्या समजायचे. पुढे मी शिकले, नोकरीला लागले, केस कापले. ती उन्हात रापली. आता बघणाऱ्याला आम्ही बहिणी वाटणार नाही, अशी माझी समजूत होती. खरं सांगायचं तर त्या समजुतीत मला थोडं बरंही वाटायचं.

गेल्या वर्षी ताईचा गुडघा धरला. डॉक्टरांना दाखवायला ती माझ्याकडे दोन दिवस राहिली. सकाळी बाल्कनीत बसून मिसरी लावायची आणि तिथूनच खालच्या वॉचमनशी मोठ्यानं गप्पा मारायची. दुसऱ्या दिवशी जिन्यात शेजारणीनं विचारलं, कोण आलंय? मी म्हणाले, गावाकडच्या ओळखीच्या आहेत. असं का म्हणाले, ते मला आजही नीट सांगता येत नाही. एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. पण वर येऊन मी ते सगळं एका मैत्रिणीला लिहून पाठवलं. चादरीला येणारा मिसरीचा वास, तो आवाज, आणि शेजारणीला मारलेली थापही. शेवटी हसरे चेहरे टाकले.

दुपारी मी कणीक मळत होते. उद्या जेवायला किती माणसं यायची आहेत, ते ताईला घरी फोन करून विचारायचं होतं, आणि तिच्या साध्या फोनचं चार्जिंग संपलेलं. तुझा घेऊ का, असं तिनं बाहेरूनच विचारलं. आण इकडे, उघडून देते, मी म्हणाले. ती आली नाही. हात धुऊन बाहेर गेले, तर ती कॉटवर बसून फोन डोळ्यांजवळ धरून वाचत होती. ती सातवीपर्यंत शिकलीय. वाचताना ओठ हलतात. मी उभी राहून ते ओठ बघत होते.

"आपसूक उघाडला," ती म्हणाली आणि फोन माझ्या हातात दिला.

पडद्यावर मैत्रिणीचा प्रश्न होता, गेली का ती? त्याच्या वर माझं सगळं लिखाण. काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हणाले, हा तर माझ्याच चेहऱ्याला उघडतो, तुला कसा उघडला?

ताईनं माझ्याकडे नीट बघितलं. "एका आईच्या पोटच्या हाय न्हवं आपुन."

मग तिनं पिशवी भरली. मी थांब म्हणाले नाही, माफ कर म्हणाले नाही. स्टेशनवर नुसती मागे मागे चालले. गुडघा दुखत असूनही तिनं पिशवी माझ्याकडे दिली नाही. लोकल आली, आणि पुढच्याच स्टेशनावर, मळवलीला, उतरायचं होतं तरी ती आत जाऊन बसली. मला खिडकीतून दिसली नाही.

मुलीला मी फक्त फोनचं सांगितलं. ती हसली. सख्ख्या बहिणींच्या बाबतीत होतं असं कधी कधी, आकड्यांचं कुलूप लाव म्हणाली. मी लावलं. ते निरोपही पुसून टाकले, माझ्या बाजूचे.

पंधरा दिवसांनी भाज्याला गेले. ताई चुलीपुढे होती, अंगणात पाहुणे जेवत होते. तिच्याजवळ पाटावर बसून मी कसंबसं म्हणाले, माझं चुकलं. भाकरी उलटत ती म्हणाली, "मिसरीला वास येतोच. त्याचं काय न्हाई. पर वळखीची बाई म्हनलीस..." बाहेरून कुणी भात मागितला, म्हणून उठून गेली. आणखी काही हवंय का, लाजू नका हं, असं तिचं पाहुण्यांशी शहरी बोलणं मला आतून ऐकू येत होतं.

मला तिनं पोटभर वाढलं. निघताना इंद्रायणी तांदळाची पिशवीही दिली.

ती रागावली असती तर मी पाया पडले असते. पण ती रागावलेली नाही. फोन केला की बोलते, गुडघ्याचं सांगते, मुलीची चौकशी करते. फक्त आता माझ्याशीही ती जपून, शुद्ध बोलते. "आम्ही बरे आहोत," म्हणते. "तू नीट जेवतेस ना?" म्हणते. मी मुद्दाम बेडशाच्या बोलीत काही विचारून बघते. ती पुन्हा तसंच, नीट उत्तर देते.