वाघमारे सर आणि लोह्याची खराब हवा

डिपार्टमेंटमध्ये एक माणूस पीएच.डी. करत असला, की बाकीच्यांना करमणुकीसाठी वेगळं काही लागत नाही. किस्से आपोआप साठतात. नांदेडच्या आमच्या इंजिनिअरिंग कॉलेजात ती वाघमारे सर करत होते. मी लॅब असिस्टंट. वायरी माझ्या, चुका दोघांच्या!

आठ वर्षं झाली होती. विद्यापीठानं शेवटची मुदतवाढ दिलेली. या खेपेला जमलं नाही तर नोंदणी रद्द आणि आठ वर्षं पाण्यात. हे सरांना माहीत होतं, आम्हाला माहीत होतं, कँटीनवाल्यालाही माहीत होतं.

*

विषय सांगतो, घाबरू नका. वायरलेसवर माहिती जाताना बिघडते. म्हणून सोबत थोडी जादा माहिती पाठवायची, म्हणजे पलीकडच्याला चूक ओळखून दुरुस्त करता येते. या बांधणीला कोड म्हणतात. हवा साफ असेल तर जादा कमी, खराब असेल तर जास्त. पण जादा वाढवली की मूळ मजकुराला जागा कमी पडते. सगळी कसरत तीच.

सरांचे सासरे मुखेडचे, रिटायर्ड एसटी कंडक्टर. त्यांनी हे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "कच्चा रस्ता आला की टपावरचं सामान डबल दोरीनं बांधायचं. याला आठ वर्षं?"

सरांना ते इतकं आवडलं की त्यांनी पहिल्याच प्रकरणात घातलं. गाईडनी लाल पेनानं शेजारी लिहिलं, 'संदर्भ?'

सरांनी खाली टीप दिली: 'सासरे, प्रत्यक्ष चर्चा.'

*

ट्रान्समीटर कॉलेजच्या गच्चीवर, रिसीव्हर लोहा गावात एका ओळखीच्या घराच्या माळवदावर. तिथं मी. रोज दुपारी तीन वाजले की चुकांचा नुसता पाऊस! सर खूश. हवेतला काहीतरी नवा प्रकार सापडला म्हणून त्यांनी दोन पानं लिहूनही काढली.

चौथ्या दिवशी ते स्वतः आले, तेव्हा कळलं. शेजारी पिठाची गिरणी होती. लाईट तीनला यायची, गिरणीही तीनला सुरू व्हायची. जुनी मोटर, ठिणग्या मारायची.

गिरणीवाला म्हणाला, "सायेब, तुमचं चुकून राह्यलं म्हणून मी दळू नको का?"

"छे छे, दळा!" सर म्हणाले. "इतका अस्सल नॉईज पुण्यात कुठं मिळतोय?"

दोन पानं मात्र फाडावी लागली.

*

हा किस्सा माझ्यावरचा आहे, तरी सांगतो. पलीकडची हवा कशी आहे, हे रिसीव्हरनं उलट कळवायचं असतं. त्याला फीडबॅक म्हणतात. ती लिंक बंद पडली, म्हणून आठवडाभर मी फोनवर कळवायचं ठरलं.

सर रोज विचारायचे, "कसं आहे?"

मी म्हणायचो, "एकदम मस्त, सर!"

आता एवढा मोठा माणूस एवढ्या काळजीनं विचारतो, त्याला 'लई वाईट हाय' कसं म्हणायचं? आमच्यात तशी पद्धतच नाही! माझ्या 'मस्त'वर विश्वास ठेवून सरांनी जादा माहिती अगदी कमी ठेवली. आठवड्याचा सगळा डेटा कचरा निघाला.

सर कपाळावर हात मारून म्हणाले, "अरे, मी तुझी तब्येत विचारत नव्हतो!"

*

लातूरला तेव्हा क्लासेसचं पेव फुटलेलं. एका क्लासवाल्यानं सरांना बोलावलं: "पीएच.डी. सोडा, फिजिक्स शिकवा." सर वैतागलेलेच होते, गेले. शेवटच्या बाकापर्यंत पोचलं का, हे विचारत विचारत त्यांनी तासाभरात एकच सूत्र शिकवलं.

क्लासवाला हात जोडून म्हणाला, "सर, सिलॅबस जूनला संपवायचाय. याच जूनला!"

सर संध्याकाळच्या गाडीनं परत. आम्हाला फार बरं वाटलं, पण कुणी तसं बोललं नाही.

*

शेवटी तोंडी परीक्षा. बाहेरून आलेले परीक्षक, आमच्या एचओडी मॅडम, मागच्या रांगेत आम्ही. सगळं छान चाललेलं. तेवढ्यात परीक्षकांनी विचारलं, "फीडबॅक मुळीच आला नाही तर? तुमचा कोड काय करेल?"

थिसिसमध्ये याचं उत्तर नव्हतं. मॅडम पंख्याकडे बघायला लागल्या.

"थिसिसमध्ये न्हाई सर," वाघमारे सर म्हणाले, "पण एकदा केलंय."

मास्तर व्हायच्या आधी ते पोलिसांत वायरलेस ऑपरेटर होते, हे आम्हालाही तेव्हाच कळलं.

"भूकंपानंतर एका गावात माझा सेट होता. पाठवता यायचं, तिकडचं काहीच ऐकू यायचं न्हाई. बॅटरी उतरत आलेली. समोर रांग. आम्ही जिवंत आहोत, एवढंच प्रत्येकाला आपल्या माणसांना कळवायचं. खरखर इतकी, की नाव तीनदा सांगितलं तरच पोचेल. पण तीनदा सांगितलं तर मागची रांग राहून जाते."

"मग काय ठरवलंत?"

"मी कुठं ठरवलं? पुढं एक म्हातारी होती. म्हणाली, माझं ऐकायला कोनी उरलं न्हाई बाबा. माझी पाळी त्या पोरीला दे, तिचा बाप तिकडं हाय. पोरीचं नाव तीनदा सांगितलं. बॅटरी गेली."

परीक्षकांनी फॉर्म पुढं ओढून सही केली. मान वर न करताच त्यांनी विचारलं, "नाव काय होतं आजीचं?"

सर खुर्चीतून उठून उभे राहिले.

"सोजरबाई. सोजरबाई. सोजरबाई."