मणका जुळेपर्यंत

मणक्याचं ऑपरेशन झालेल्या माणसाला उठून जाता येत नाही, हे नातेवाइकांना बरोबर कळतं! तुम्ही पाठीवर पडलेले, ते खुर्चीत बसलेले. किस्से जमणार नाहीत तर काय होणार? माझ्याकडे पोतंभर जमलेत.

आधी नानांचं सांगायला हवं. नाना म्हणजे माझे वडील. धुळ्यात हायस्कूलला गणित शिकवतात. अख्ख्या गावाच्या पोरांशी बोलतात, फक्त माझ्याशी नाही. मी इंजिनिअरिंग सोडलं आणि हायवेवरच्या गोडाऊनमध्ये माल चढवायला लागलो, तेव्हापासून बोलणं बंद. काही सांगायचंच असलं तर आईच्या मार्फत. "त्याला सांग, पंखा बंद कर." आणि मी त्याच पंख्याखाली बसलेला! माझंही काही अडलं नव्हतं. मीही आईलाच सांगायचो.

*

कमरेतला एक मणका खालच्यावरून पुढे सरकला होता. डावा पाय बधिर पडायला लागला, तेव्हा जळगावच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी प्लास्टिकचा मणका टेबलावर ठेवून समजावलं. दबलेली नस मोकळी करायची, दोन मणके स्क्रू आणि सळ्यांनी एकमेकांना बांधायचे, मधे हाडाचे बारीक तुकडे भरायचे.

"स्क्रू फक्त धरून ठेवतात," ते म्हणाले. "जुळायचं काम हाडानेच करायचं. त्याला महिने लागतात. नाही जुळलं, तर परत उघडायची वेळ येऊ शकते."

"म्हणजे सेंट्रिंग!" मी म्हणालो. "स्लॅब पक्का होईपर्यंत."

"बरोबर! फक्त हे सेंट्रिंग नंतर काढत नाहीत."

नाना आईला म्हणाले, "त्याला विचार, सगळं समजलं का."

डॉक्टरांनी नानांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मग तेही आईकडेच वळले. "ताई, पेशंटला सांगा, उपाशीपोटी यायचं."

*

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी मेहरूणची अक्का आली. नानांची थोरली बहीण. आल्या आल्या डोळ्याला पदर.

"कशाला कापाकापी करताय? आमच्या जेठांचं ऑपरेशन झालं, ते परत खाटेवरून उठलेच नाहीत!"

आई पांढरी पडली. मी विचारलं, "अक्का, ऑपरेशन कशाचं होतं?"

"मोतीबिंदूचं."

"मग उठले का नाहीत?"

"ते मुळातच आळशी."

*

शुद्धीवर आलो तर सिस्टर कानाशी ओरडत होत्या, "पायाची बोटं हलवा! बोटं हलवा!" आई उशाशी. तिला माझे पाय दिसत नव्हते, आणि मला तर छताशिवाय काहीच नाही. मी हलवतोय असं मला वाटत होतं. खरंच हलतायत का, कोण सांगणार?

नाना पायथ्याशी उभे होते. वर्गात कॉपी पकडावी तसा माझा अंगठा त्यांनी घट्ट धरलेला.

"हलतोय," ते म्हणाले. सिस्टरला.

सिस्टर गेल्या, बाटली बदलून परत आल्या. म्हणाल्या, "सर, आता सोडा तो अंगठा."

*

शेजारच्या खाटेवर चोपड्याकडचे एक आबा होते. जन्म केळीच्या बागेत गेलेला. त्यांचंही हेच ऑपरेशन. दुखण्याची तक्रार नाही, औषधाची नाही. त्यांना काळजी एकच. रोज मुलाला बजावायचे, "मी गऊ की राखमा स्क्रू सापडतीन. तापीमा नको सोडजो, कोना तरी पायमा घुसतीन!"

मुलगा वैतागला. "आबा, आते तर जेवा ना!"

"जेवस रे. पन ध्यानमा ठेव."

आयुष्यात पोराचा एक शब्द ऐकला नसेल म्हाताऱ्याने, पण मेल्यावर आपले स्क्रू परक्याच्या पायाला लागू नयेत एवढी त्याला फिकीर!

*

घरी आलो. नियम तीन: वाकायचं नाही, कमरेत वळायचं नाही, वजन उचलायचं नाही. नानांचे जुने हेडमास्तर भेटायला आले आणि माझ्यासमोर उभेच राहिले. मी वॉकर धरून उभा. ते वाट बघतायत. मग माझ्या लक्षात आलं, पाया पडायची वाट बघतायत!

"सर, मला वाकायला बंदी आहे."

"शिक्षण सोडलं की संस्कारही सुटतात."

आई घाईने म्हणाली, "खरंच ऑपरेशन झालंय हो, सर."

त्यांनी थोडा विचार केला. चप्पल काढली आणि उजवा पाय स्टुलावर ठेवला. "घे. आता पोचतोस का बघ."

*

आता पट्ट्याचं. छातीखालपासून कुल्ल्यापर्यंत येणारा, कडक प्लास्टिकचा, मापाने बनवलेला. हाड जुळेपर्यंत तो बांधल्याशिवाय उभं राहायचं नाही. पण डाव्या कुल्ल्यावर असा चावायचा की डोळ्यांत पाणी. एका संध्याकाळी मी तो काढून कोपऱ्यात फेकला.

"नाही घालणार! जुळलं तर जुळलं!"

नाना आईला म्हणाले, "त्याला सांग, नाही जुळलं तर परत कापतील."

"त्यांना सांग, चावतो! स्वतः घालून बघा म्हणावं!"

सकाळी उठलो तर कोपऱ्यात पट्टा नाही. मला बाथरूमला जायचंय, आणि पट्ट्याशिवाय उठायचं नाही. माझी बोंबाबोंब. आईने खाटेखाली बघितलं, कपाटावर बघितलं, धुण्याच्या बादलीतसुद्धा बघितलं.

तेवढ्यात नाना दूध घेऊन आले. मान ताठ, पाठ ताठ, परेडला निघाल्यासारखे. पिशवी खाली ठेवायला त्यांना वाकताच येईना. ती आईच्या हातात दिली. शर्टाची बटणं काढली. आत पट्टा! चर्रकन पट्ट्या सोडल्या. बनियन वर सरकला, तर डाव्या कुल्ल्यावर लालभडक वळ.

त्यांनी टेबलाच्या खणातून कानस काढली, पट्ट्याची डावी कड घासत बसले. घासायचे, बोट फिरवायचे, परत कमरेला लावून बघायचे. मग खाटेजवळ आले, पट्टा माझ्या हातात दिला आणि थेट माझ्याकडे बघून म्हणाले, "इथंच चावत होता ना रे?"

आई सवयीने माझ्याकडे वळली.

"नाना विचारतायत, इथंच चावत होता का?"