करोडगिरीला दिलेली ढेलज

बैल चौकात, गाव वेशीत आणि मधल्या दारात सरकार. पोळ्याच्या दिवशी दुपार कलल्यावर मी सखाराम पाटलांच्या घरी पोचलो तेव्हा परिस्थिती ही होती. बैलांची शिंगं हिंगुळानं रंगवलेली, पाठीवर झुली, गळ्यात घुंगरमाळा, पुरणपोळी खाऊन झालेली. आणि दारात करोडगिरीचा शिपाई हुसेनभाई काठी आडवी धरून उभा. चेहरा असा, की ती काठी कुणीतरी बळंच त्याच्या हातात दिलीय.

पाटील चौकात ओट्यावर बसले होते. मला पाहून नेहमी उठायचे. आज उठले नाहीत.

"या वकीलसाहेब," ते म्हणाले. "तुमचंच काम हाय. बघा, लई नामी झालंय."

मी वकील नव्हतो. मुख्त्यार होतो. म्हणजे दुसऱ्याच्या वतीनं कागद करायचे, अर्ज द्यायचे आणि कचेरीत हात बांधून उभं राहायचं. सनदवाल्या वकिलांना जी कामं कमीपणाची वाटत ती आमच्याकडं येत. पण आष्टी तालुक्यात मला सगळे वकीलसाहेबच म्हणत, आणि मी कुणाला दुरुस्त केल्याचं आठवत नाही.

आता हा गुंता कसा झाला ते सांगतो.

पाटलांचं गाव अगदी हद्दीवर. अलीकडं निजामाचा मुलूख, त्याला आम्ही मोगलाई म्हणायचो. ओढ्यापलीकडं इंग्रजी, नगर जिल्हा. इकडचा माल तिकडं किंवा तिकडचा इकडं गेला की त्यावर जकात. ती घेणारं खातं म्हणजे करोडगिरी. खात्याचा नाका एका छपरात होता. ते छप्पर वावटळीत उडालं आणि पलीकडं इंग्रजीत जाऊन पडलं. त्यावर जकात कुणी भरली नाही. मग खात्याला पक्क्या जागेची गरज पडली.

पाटलांची ढेलज हद्दीच्या रस्त्यावरच होती. ढेलज म्हणजे मोठ्या घराच्या पुढच्या दारातली बसा-उठायची जागा. दोन्ही बाजूंना ओटे, वर माळवदाचं छत, मधून आत जायचा रस्ता. पाटलांना किरायाची फार हौस नव्हती. त्यांना हौस होती ती यशवंताला जळवायची. यशवंता त्यांचा चुलतभाऊ. दोघांची घरं पाठीला पाठ लावून होती आणि मनंही तशीच.

"येशाच्या उरावर सरकार बसलं पायजे," पाटील मला म्हणाले होते. "माज्या ढेलजंत बसलं तरी त्याच्या उरावरच हाय ते."

जागा बघायला खात्याचे मोहतमीम आले. मोहतमीम म्हणजे वरचे साहेब. त्यांना जागा आवडली, पण एक अट घातली. सरकारी दफ्तरातून घरच्या माणसांची ये-जा नको. दरवाजा एकट्या खात्याच्या ताब्यात पाहिजे.

मी पाटलांकडं वळलो. "मागं दार हाय ना?"

"हाय की."

एवढ्यावर आमची पाहणी संपली. मी ते दार पाहिलंसुद्धा. चौकाच्या पलीकडं होतं, चांगलं सागवानी. पण तेवढ्यात पाटलीणबाईंनी पानं मांडली होती आणि मटणाचा वास चौकात आला होता. दार कुठं जाणार आहे, म्हटलं. जेवून पाहू. जेवल्यावर मी झोपलो.

किरायानामा मी उर्दूत लिहिला. माझ्या उर्दूचा मला तेव्हा गर्व होता. दरवाजा खात्याला देताना माझी लेखणी अशी सुटली की सदर दरवाजा, त्याचा उंबरा, त्याची कडी आणि त्यातून होणारी हरएक आमदरफ्त, सगळं सरकारच्या हवाली करून टाकलं. आमदरफ्त म्हणजे ये-जा. मोहतमीम खूश झाले. घरमालकानं एवढं दिलेलं त्यांनीही कधी पाहिलं नसावं.

चार दिवसांनी पाटलांचा निरोप आला. मागचं दार यशवंताच्या खळ्यात उघडतं, आणि यशवंतानं त्याला बाहेरून कडब्याची गंज लावलीय.

मी धावत गेलो. "पाटील, तुमी तर दार हाय म्हणालात."

"दार हाय का, असं तुमी इचारलं. हाय, असं मी सांगितलं. उघडतंय का, असं कुठं इचारलं?"

त्यांचंही खोटं नव्हतं.

पण पहिले अमीन, म्हणजे नाक्याचे प्रमुख, वयानं मोठे आणि पानाचे शौकीन होते. त्यांनी माझा किरायानामा वाचलाच नाही. घरची माणसं त्यांच्या समोरून जात-येत राहिली. मला वाटलं, निभावलं. पुढं त्या अमीनसाहेबांच्या समोरून इतरांचंही बरंच काही जात-येत असल्याचं वर कळलं आणि त्यांची बदली झाली. त्यांच्या जागी एक तरुण अमीन आला. हैदराबादेत वाढलेला, लाल तुर्की टोपी, कोटाला सगळ्या गुंड्या. त्यानं आल्याआल्या किरायानामा दोनदा वाचला. माझं लिखाण इतकं मन लावून वाचणारा तो पहिलाच माणूस.

दुसऱ्या दिवशी त्यानं पाटलीणबाईंची पापडाची टोपली तोलायला लावली.

"तोल बाबा," त्या म्हणाल्या. "पर वाळायच्या आधी तोलायचे व्हते. खात्याला चार पैसे जास्ती भेटले असते."

मग पोळा आला.

पाटलांचे बैल एरवी शेतातल्या आखाड्यावर, म्हणजे गोठ्यावर, असत. पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदमळणीला ते घरी आणायचे, लोणी-हळदीनं खांदे मळायचे, आणि दुसऱ्या दिवशी पाटलाच्या उंबऱ्यावरून वाजतगाजत वेशीत न्यायचे. वेशीला आंब्याच्या पानांचं तोरण. त्याखालून पहिली जोडी पाटलाची, मग गावाची. दिवस मावळायच्या आत पाटलाची जोडी आली नाही तर भावकीतला दुसरा आपली जोडी काढतो. आणि एकदा काढली की पुढल्या साली तो मान सोडत नाही, हे मी तीन गावांत पाहिलंय. यशवंता सकाळपासून बैल सजवून वेशीत उभा होता.

खांदमळणीच्या संध्याकाळी अमीनसाहेब आष्टीला गेले होते. हुसेनभाईनं बैल आत घेतले. तो घाटनांदूरचा, शेतकऱ्याच्या पोटचा. बैलाला अडवायचं त्याच्या मनातही आलं नाही. आणि आज अमीनसाहेब परतले होते.

मी ढेलजेत जाऊन सलाम केला.

"साहेब, बैल वेशीपर्यंत जाऊन परत येणार."

"राहदारी?" अमीनसाहेबांनी विचारलं. राहदारी म्हणजे नाक्यातून जनावर न्यायचा परवाना. तो आष्टीहून मिळायचा. घोडं दामटून गेलं तरी दिवस मावळायच्या आत परत येणं शक्य नव्हतं.

"घरचेच बैल आहेत साहेब. घरातून निघतायत."

"घर में से निकलके मेरे दरवाजे में आए ना? दरवाजा सरकार का है। आपीच लिखे।" त्यांनी किरायानामा पुढं सरकवला. "और ये अंदर कब आए? मेरे पास तो कुछ लिखा नहीं।"

हुसेनभाई माळवदाकडं बघायला लागला.

अमीनसाहेब माणूस वाईट नव्हता. आधीच्या अमीनाचं काय झालं ते त्याला ठाऊक होतं आणि नोकरी नवी होती. मी त्याच्या जागी असतो तर मीही हेच केलं असतं. फक्त आष्टीहून येताना टोपीवर बसलेली धूळ झटकली असती.

मी वेशीत यशवंताकडं गेलो. कडबा काढ म्हणालो.

"काढतो की," यशवंता म्हणाला. "भावाचेच बैल हायेत. माज्या खळ्यातून येऊ द्या. फकस्त माज्या जोडीच्या मागून."

परत आलो. पाटलांनी माझ्याकडं पाहिलं नाही. पाटलीणबाई बैलाच्या झुलीवरची एक सुरकुती पुन्हापुन्हा नीट करत होत्या. पाटील हळू आवाजात म्हणाले, "माज्या बापाच्या बापापासून हाय हे. माज्या हातानं गेलं, असं म्हणतील पोरं."

माणूस चिडला की बरं असतं. मुख्त्याराला चिडलेल्या माणसांची सवय असते. हे मला सोसवेना. आणि सोसवेना म्हणूनच माझ्या तोंडून तो सल्ला गेला.

"पाटील, हलगी लावा. बैल काढा. सणाचा दिवस, अख्खं गाव बघतंय. अमीन हात लावायचा न्हाई. मी जिम्मेदार."

पाटील उठले. त्यांनी कासरा धरला. हलगी कडाडली. बैल ढेलजेत आले, हुसेनभाईनं काठी जरा वर केली, आणि अमीनसाहेबांनी उठून बैलाच्या वेसणीला हात घातला.

"जप्त," ते म्हणाले.

हलगी थांबली. पाटलांनी मान माझ्याकडं वळवली. त्यांच्या हातात अजून कासरा होता, आणि तो माझ्या गळ्यात मावेल एवढा लांब आहे हे मी त्या क्षणी पाहिलं.

अमीनसाहेबांनी रीतसर पंचनामा केला. बैल दोन, रंग पांढरा, शिंगं रंगीत. मालक सखाराम पाटील. बिगर राहदारी. जुर्माना भरेपर्यंत सरकारी ताब्यात.

"हुसेन, कोंडवाडे में डाल दे।"

हुसेनभाई हलेना. त्यानं एकदा पाटलांकडं पाहिलं, एकदा माझ्याकडं. मग अगदी गरिबासारखा म्हणाला, "साहेब, कोंडवाडा वेशीच्या बाहेर हाय."

"तो क्या?"

"काही न्हाई. जातो."

पाटलांच्या हातातून त्यानं कासरा घेतला, तो मागून घेतल्यासारखा. पाटलांनी तो दिला आणि त्यांची मिशी एकदा हलली. मग त्यांनी हलगीवाल्याला नुसती मान डोलावली.

निघालो. पुढं अमीनसाहेब, कारण जप्तीचा माल त्यांना शिपायावर सोडायचा नव्हता. मागं हुसेनभाई, त्याच्या हाताला बैल. मग पाटील, मी, हलगी आणि सगळी आळी. गुन्हेगार जनावरांना इतक्या थाटात नेलेलं मोगलाईत कुणी पाहिलं नसेल.

वेशीत यशवंता आडवा आला.

"हे पाटलाचे बैल न्हाईत आता," तो गावाकडं बघून ओरडला. "सरकारनं घेतले. ही सरकारची जोडी हाय. पाटलाची जोडी आलीच न्हाई."

मुद्दा बिनतोड होता. मी स्वतः तो कचेरीत मांडला असता. म्हाताऱ्या माणसांत कुजबुज सुरू झाली. पाटलांचा चेहरा परत पडला. मला काही सुचलं नाही, हे मी आयुष्यभर लपवलंय, आज सांगतो.

बोलले अमीनसाहेब. त्यांना वाटलं, हा कुणीतरी जप्तीत अडथळा आणतोय.

"किसके बैल?" त्यांनी विचारलं. "मालिक पटेल। कागद पे पटेल। जुर्माना पटेल भरेगा। तुम भरते क्या जुर्माना? भरते तो तुमारा नाम लिखता हूँ।"

यशवंता बाजूला झाला.

गावानं ऐकलं. सरकारनं भर वेशीत सांगितलं होतं की बैल पाटलाचे. भटजींनी वाट न बघता बैलांची मंगलाष्टकं सुरू केली. अमीनसाहेब थबकले.

"ये किसकी शादी है?"

"बैलांची, साहेब," हुसेनभाई म्हणाला.

अमीनसाहेब चांगल्या घरातले होते. कुणाच्याही लग्नात मधेच चालायला लागणं त्यांना बरं दिसलं नाही. ते संपेपर्यंत तोरणाखाली उभे राहिले. अक्षता त्यांच्या तुर्की टोपीवर पडल्या आणि टोपीचा गोंडा हळदकुंकवानं माखला. मग पाटलाची जोडी पहिली तोरणाखालून गेली आणि सरळ कोंडवाड्यात बंद झाली.

दुसऱ्या दिवशी पाटलांनी जुर्माना भरला. एवढ्या आनंदानं सरकारला काही दिलेलं मी दुसरं पाहिलं नाही. गावात बोललं गेलं की सगळा डाव वकीलसाहेबांचा. जप्ती मुद्दाम करवली. पाटलांनीही मला फेटा बांधला. मी कुणाला दुरुस्त केल्याचं आठवत नाही.

पुढल्या साली अमीनसाहेबांनी आधीच आष्टीहून राहदारी मागवून ठेवली. पाटलांना ते पटलं नाही. हुसेनभाईनं कासरा धरल्याशिवाय बैल हलायचे नाहीत, असं त्यांनी सांगून टाकलं, आणि तेव्हापासून करोडगिरीचा शिपाई पोळ्याला पाटलाचे बैल वेशीत न्यायला लागला. त्याला शेला असायचा. खात्याला हे शेवटपर्यंत कुणी कळवलं नाही.

ढेलज खात्याकडंच राहिली. दाराबद्दल मी तीन अर्ज केले. सरकार एकदा जागेत शिरलं की त्याला बाहेर काढायचा कागद मला तरी लिहिता आला नाही. जे कुणी सरकारला जागा देणार असतील त्यांना माझं एवढंच सांगणं आहे, की जेवायला बसण्याआधी घरातली सगळी दारं उघडून पाहा.

हे मी स्वतःही शिकलो. जप्ती झाली त्याच वर्षी दिवाळीनंतर यशवंता माझ्याकडं आला. आबकारी खात्याला गावात जागा पाहिजे, असं त्याच्या कानावर आलं होतं. त्याचीही ढेलज चांगली होती.

"माजाबी कागद करा वकीलसाहेब. सखारामदादाच्या उरावर बसू द्या सरकार."

मी गेलो. पानं मांडलेली होती, मटणाचा वास येत होता. मी आधी चौक ओलांडून मागच्या दाराकडं गेलो आणि कडी काढून ढकललं. दार इंचभर उघडलं आणि अडलं. फटीतून, पाटलांच्या परसात, कडब्याची गंज दिसत होती, ताजी रचलेली. गंजीच्या पलीकडून सखाराम पाटलांचा आवाज आला.

"कोण, वकीलसाहेब का? जेवून घ्या आधी."