वाईटपणा कुणी घ्यायचा

दूध संघात मी सुपरवायझर होते आणि मला मॅनेजर व्हायचं होतं. त्यात लाजायचं काय? गावोगावच्या दूध संस्था मी पालथ्या घातल्या होत्या, कुणाची म्हैस व्याली अन् कुणाची आटली हे मला तोंडपाठ होतं. आमचे मॅनेजरसाहेब निवृत्तीला आले होते. एकदा केबिनमध्ये बसवून मला म्हणाले, "बाई, माझ्यामागं ही खुर्ची तुमचीच. पण तुमी लई मऊ हायत. वाईटपणा घ्यायला शिका. ज्याला वाईटपणा घेता येतो, तोच वर जातो."

वडील गेल्यापासून इतक्या हक्कानं मला कुणी काही सांगितलं नव्हतं. मी त्यांचा शब्द खाली पडू दिला नाही.

त्या वर्षी पावसानं दडी मारली. संघ सभासदांच्या जनावरांना पेंड द्यायचा, ती पुरेना. ठरलं, की भाकड जनावरांची पेंड बंद, फक्त दुभत्यांना द्यायची. हे गावात जाऊन सांगणार कोण? साहेब म्हणाले, "तुमी सांगा. हे तुमचं ट्रेनिंग समजा." निघताना शिकवायचेसुद्धा. आधी नाही म्हणायचं, कारण मागून. बसायचं नाही, उभ्यानं बोलायचं. अन् चहा तर अजिबात घ्यायचा नाही, चहा घेतला की नाही म्हणता येत नाही.

मी अगदी तशीच वागले. पाली गावात एका बाईनं माझा पदर धरला. "ताई, म्हैस गाभण हाय माझी. आज दूध देत न्हाई म्हणून तिला उपाशी ठिवू का?" तिचं खरं होतं. गाभण म्हैस खंगली तर पुढं दूध येणार कुठून? तरी मी पदर सोडवून घेतला. दुसऱ्या दिवशी सकाळी साहेबांना हे सांगितलं, तर म्हणाले, "शाब्बास. आता तयार होताय तुमी." त्या एका शाब्बासकीवर मी उरलेली गावं केली. माझी गाडी दिसली की बायका तोंड फिरवायच्या. मोठ्या जागेवर जायचं तर हे सोसावंच लागतं, असं मी मनाला बजावत होते.

मग संचालकांपुढं मुलाखत झाली. एक जण म्हणाले, "गावोगाव तुमच्या तक्रारी हायत." मी साहेबांकडं पाहिलं. आता सांगतील, की मीच पाठवलं होतं म्हणून. साहेबांनी चष्मा पुसला. "बाई कामाला चोख हायत," ते म्हणाले, "पण माणसं सांभाळणं त्यांना जमत न्हाई."

खुर्ची बाहेरच्या एका माणसाला मिळाली. मी मात्र स्वतःलाच खात बसले, की आपलंच काहीतरी चुकलं. त्या पालीच्या बाईला भेटायला गेले, तर ती उलट माझीच समजूत काढायला लागली. "जाऊ द्या ताई. तुमी गेल्या अन् दुसऱ्या दिशी साहेब आलते. म्हणले, आमच्या बाई लई कडक हायत, त्यांना सांगू नका. पेंडीचं पोतं उतरवून गेले. समद्याच गावात गेलते की. आता संचालकाच्या निवडणुकीला उभे हायत, आमचं मत त्यांनाच."

केसानं गळा कापणं म्हणजे काय, ते मला तिच्या अंगणात कळलं. पेंड संघाची, नाव त्यांचं, अन् शिव्या माझ्या. तशीच त्यांच्या घरी गेले. दारातच विचारलं, "कावून केलं असं?"

ओशाळणं तर सोडाच, साहेबांनी मला बसायला खुर्ची दिली. "मीच न्हाई म्हणलो असतो, तर मला मत कुणी दिलं असतं बाई?" मग पूर्वीच्याच मायेनं, जवळ सरकून म्हणाले, "उद्या गेवराईकडं प्रचाराला जायचंय. चला की संगं. तुमी दिसल्या की लोकांला माझी पेंड आठवती."