उरेब कापलेला कर्ण

आमच्या छावणीतल्या घरात बाहेरची खोली एकच. एका भिंतीला माझं शिलाई मशीन, दुसऱ्या भिंतीला ह्यांचा फळा. हे शाळेत गणित शिकवायचे, संध्याकाळी घरी शिकवण्या. माझी शाळा चौथीपर्यंतच. पण ब्लाउज शिवता शिवता पायथागोरसचं प्रमेय इतक्यांदा कानावर पडलं की एक दिवस आपसूक कळलं.

सोपं हाय, बघा. मोठा चौरस घ्या. चार कोपऱ्यांत चार सारखे काटकोन त्रिकोण ठेवा, टोकाला टोक भिडवून. मधी तिरपा चौरस रिकामा राहतो, तो कर्णावरचा. आता तेच त्रिकोण सरकवून दोन-दोनांचे आयत करा, समोरासमोरच्या कोपऱ्यांत. रिकाम्या जागेचे दोन लहान चौरस होतात, बाकीच्या दोन बाजूंवरचे. चौरस तोच, त्रिकोण तेच. मग रिकामी जागा कमी-जास्त होईल कशी?

तेव्हा मी चिंध्यांचे त्रिकोण कापून ह्यांना हे दाखवलं होतं. लांबूनच म्हणाले, "कर्ण ताणलाय तुझा." खरंच होतं. तिरपं, म्हणजे उरेब कापलेलं कापड हाताळताना लांबतं. दोऱ्याएवढा फरक, तोही दिसला ह्यांना. "टेलरबाई, पुठ्ठा घ्या," म्हणाले अन् हसले.

गेल्या दिवाळीनंतर ह्यांना अर्धांगवायू झाला. वाचा गेली, एकच शब्द राहिला, "व्हय". पुण्याहून पोरगा फोनवर म्हणाला, "आई, बाबांना आता काही समजत नाही. पैठण रोडला चांगला वृद्धाश्रम आहे. तुझ्यानं किती दिवस होणार?"

"समजतं त्यांना सगळं. ये तू, दाखवते."

तो यायच्या आदल्या दिवशी मी पुठ्ठ्याचे त्रिकोण कापले. पलंगावर पाट ठेवून मांडले, सरकवले.

"बरोबर का हो?"

"व्हय."

भरून आलं मला. पण मन ऐकेना. एक त्रिकोण दुसऱ्यावर निम्मा चढवला.

"अन् आता?"

ह्यांनी पाटाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. "व्हय."

परत विचारायचं धाडस झालं नाय.

पोरगा आला, चहा संपायच्या आत म्हणाला, "दाखव बरं, काय समजतं?"

मी पुठ्ठे काढलेच नाय. "तू म्हणतोस तसंच हाय," म्हटलं.

"मग करू फोन आश्रमाला?"

"नको रे. समजत नाय म्हणूनच नको. तिथं कुणी विचारलं, जेवलात का, तर उपाशी असले तरी हे व्हयच म्हणतील."