पानवेलीच्या वाडीतली चप्पल

पालघरच्या ज्या वाचनालयात मी शनिवारी काम करायचे, तिथे एका लेखिकेच्या चार रहस्यकथांसाठी कायम नंबर लागलेले असायचे. काळ इंग्रजांचा, गावं आमच्याच किनाऱ्यावरची, आणि गुन्हे शोधून काढणारी कोण, तर एका शाळामास्तरांची बायको. खून व्हायचे, पण रक्त कुठे दिसायचं नाही. मास्तरीणबाई विहिरीवर, हळदीकुंकवाला, कुणाच्या ओटीवर बसून चार प्रश्न विचारायची आणि घरी येऊन भात टाकता टाकता तिला उलगडा व्हायचा.

मी बोईसरला वाढले, इंग्रजी शाळेत. वडील कारखान्यातल्या नोकरीसाठी सांगलीकडून आलेले. मराठी घरी बोलायची आणि शाळेत मार्कांपुरती लिहायची. या मास्तरीणबाईमुळे मी पहिल्यांदा मराठी कादंबरी शेवटपर्यंत वाचली. त्यामुळे लेखिकेबद्दल मला जरा जास्तच वाटायचं.

चौथं पुस्तक केळव्यात घडतं. ते आल्यावर लेखिका वाचकांना भेटायला येणार असं ठरलं, तेव्हा ग्रंथपालबाईंनी मला एक वही दिली. पुस्तक परत करणाऱ्या प्रत्येकाचा अभिप्राय त्यात घ्यायचा. कार्यक्रमात लेखिका त्यातले काही वाचून दाखवणार होत्या. मला काम आवडलं. वही पुढे सरकवली की फार बोलावं लागत नसे.

एका निवृत्त गृहस्थांनी लिहिलं, "खुनी तिसऱ्या प्रकरणातच ओळखला, तरी पुस्तक सोडवेना." एका बाईंनी लिहिलं, "मास्तर दिवसभर काय करतात ते एकदा तरी सांगा." कुंभवलीहून येणारी, औषधांच्या कारखान्यात पॅकिंगला असलेली एक मुलगी लिहून गेली, "डबा खाताना वाचते. डबा तसाच राहतो."

केळव्याच्या मावशी दर पंधरा दिवसांनी पालघरला विड्याची पानं द्यायला यायच्या आणि जाताना पुस्तक बदलून न्यायच्या. त्यांची स्वतःची पानवेलीची वाडी होती. मी वही पुढे केली, ती त्यांनी परत माझ्याकडे लोटली.

"वाचायला येतं मला. लिवायचा हात गेला. तू लिव, मी सांगते."

"सांगा."

"लिव, त्या पुतण्यानं खून केला नाय."

मी पेन तसंच धरून बसले. पुस्तकात वाडीच्या मालकाचा खून होतो. पानवेलीच्या ओळींत झिजलेल्या टाचेच्या चपलेचा ठसा सापडतो आणि त्यावरून मास्तरीणबाई मालकाच्या पुतण्याला पकडते. शेवटी त्याला फाशी होते.

"पुतण्या वाडीतच वाढलेला ना?" मावशी म्हणाल्या. "पानवेलीत चपला घालून कोणी जात नाय. भायेर काढायच्या न् मग शिरायचं. माझा लेक मुंबईवरनं येतो, तोपण बूट काढतो."

"पण मावशी, तो खून करायला गेला होता. चपला काढत बसेल?"

"काढील. त्याला इचार नाय करायला लागत, पायांनाच सवय. आत चप्पल दिसली म्हणजे माणूस भायेरचा. तो सुपारीवाला व्यापारी हाय ना, पयल्या धड्यातला? त्याला धरा म्हणावं."

मला हसू आलं. त्याही हसल्या. "दोन दिवस रिसॉर्टात राहिली न् पानवेल शिकली ती बाई. पण लिवते ब्येस. म्हणून तर सांगते. पोर फुकट फासावर गेला. लिवशील ना?"

"लिहिते," मी म्हटलं.

त्या गेल्यावर मी वहीत लिहिलं, "स्थानिक वातावरण छान उभं केलं आहे. भाषा ओघवती आहे. पुस्तक वाचनीय आहे. — एक वाचक, केळवे." ही वाक्यं मी दहावीला पाठ केली होती. लेखिकेच्या तोंडावर तिचं रहस्यच चुकलं असं सांगणारी वही माझ्या अक्षरात असू नये, एवढंच तेव्हा डोक्यात होतं. शिवाय अभिप्राय असा चपलेबद्दल नसतो, असंही मला प्रामाणिकपणे वाटलं.

कार्यक्रमाच्या दिवशी मावशी ठेवणीतली साडी नेसून आल्या आणि दुसऱ्या रांगेत बसल्या. लेखिकेने डब्याचा अभिप्राय वाचला, लोक हसले. मास्तर काय करतात यावर तर त्या स्वतःच बराच वेळ हसल्या. मग म्हणाल्या, "आता हा केळव्याचा. याची मला धास्ती होती." आणि त्यांनी माझी तीन वाक्यं वाचली.

मावशींनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं.

"चला, केळव्याने पास केलं," लेखिका म्हणाल्या. "पण काही चुकलं असेल तर मोकळेपणाने सांगा. मी बाहेरचीच आहे." त्या खरंच थांबल्या, सगळ्यांकडे पाहत. मावशी बोलल्या नाहीत. मी बोलू शकले असते. मावशींना काहीतरी सांगायचंय, एवढं म्हटलं असतं तरी पुरलं असतं. मी चहाचे कप मोजायला गेले.

निघताना मावशी माझ्या टेबलापाशी आल्या. "ते माझं नव्हतं."

"जागा कमी होती, मावशी."

त्यांनी वहीकडे पाहिलं. निम्म्याहून जास्त पानं कोरी होती. मग पिशवी उचलून त्या निघून गेल्या.

पुढच्या पंधरवड्यात त्यांचं पुस्तक शेजारच्या कुणीतरी आणून दिलं. त्यानंतर त्या आल्या नाहीत. मी चौकशी केली नाही. बाजार बदलला असेल, गुडघे दुखत असतील, असं स्वतःला सांगत राहिले. मग चौथ्या पुस्तकाची नवी आवृत्ती आली. मागच्या बाजूला वाचकांचे अभिप्राय छापले होते, आणि सगळ्यात वर केळव्याचा होता.

त्या आठवड्यात मी लेखिकेला मेल लिहिली. मावशी जे बोलल्या होत्या ते सगळं, आणि मी काय लिहिलं तेही. संध्याकाळी उत्तर आलं. रागाचं नव्हतं. "शेवट बदलता आला असता," त्यांनी लिहिलं होतं. "कार्यक्रमानंतर नवी आवृत्ती छापायला देण्याआधी दोन महिने माझ्या हातात होते. मला त्यांच्याशी बोलायचं आहे. नंबर विचारून द्याल का?"

वाचनालयाच्या रजिस्टरमध्ये नंबर होता. मी फोन केला, नाव सांगितलं, आणि लेखिका काय म्हणतात तेही सांगितलं. पलीकडे कोंबड्यांचा आवाज येत होता.

"आता छापून झालं ना?" मावशींनी विचारलं.

"हो."

"मग आता बोलून काय करू? ती समोर बसली होती ना, विचारत होती, तवा सांगायचं होतं मला. माणसांत. पण केळव्याचं म्हणून छान-छान वाचून झाल्यावर उठून उलटं कशी बोलू? आमच्या वाडीचं मला कळतं, ते चार लोकांनी ऐकलं असतं."

"माझं चुकलं, मावशी."

"तू शिकलेली. तुला लाज वाटली माझ्या बोलण्याची."

तसं नव्हतं, असं म्हणायला मी तोंड उघडलं. पण मला खात्री नव्हती, आणि अजूनही नाही. मावशी म्हणाल्या, "नंबर नको देऊस," आणि फोन ठेवला.

लेखिकेची मेल अजून माझ्याकडे तशीच आहे. नंबर नको म्हणाल्या, एवढंच कळवायचं आहे. पण का, ते विचारलं तर मावशी फोनवर लाजेबद्दल जे बोलल्या तेही सांगावं लागेल, म्हणून मी अजून उत्तर दिलेलं नाही.